मीठ नाही, सर

मीठ घालायची पद्धत सरांनीच सुरू केली होती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, त्या बाईनं म्हाताऱ्याला फसवलं. फसवलं हे खरंच; पण फसवायचं काम तिला नेमून दिलं होतं ते सरांनीच, आणि वर शिकवलंही होतं.

त्याचं असं होतं. जमिनीखाली भला मोठा गोल बोगदा. त्यातून प्रोटॉनचे दोन झोत उलटसुलट दिशांनी पळवायचे आणि एका जागी समोरासमोर आदळवायचे. त्या जागेभोवती चार मजली इमारतीएवढं यंत्र, डिटेक्टर. टकरीतून जे काही उडतं त्याच्या खुणा तो टिपून ठेवतो. टकरा म्हणाल तर सेकंदाला कोट्यवधी, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या ओळखीच्या, पाहून पाहून डोळे विटलेल्या. सरांना हवा होता असा एक कण, जो टकरीच्या जागी फुटत नाही. गुपचूप हातभर पुढे सरकतो आणि मग मध्येच कुठेतरी फुटतो. कागदावरच्या गणिताला तो असायला काही हरकत नव्हती. प्रत्यक्षात मात्र तो कुणाच्या बापाला दिसला नव्हता. सरांनी त्याच्यापायी उभी हयात घातली, बायको गेली तेव्हाही ते बोगद्यातच होते, आणि हे ते स्वतःच सांगायचे, लाज न बाळगता.

आता माणूस इतकी वर्षं एखाद्याची वाट बघत बसला की त्याला तो दारात, खिडकीत, कुठेही दिसायला लागतो. सर हे ओळखून होते. म्हणून त्यांनी गटाला नियम घालून दिला: खऱ्या टकरांच्या ढिगात एकानं काही खोट्या टकरा मिसळायच्या, संगणकावर बनवलेल्या, पण हुबेहूब. कधी मिसळायच्या, कधी मुळीच नाही. मिसळल्या की नाही आणि कुठे, हे त्या एकालाच ठाऊक. बाकीच्यांनी डोळ्यांत तेल घालून छाननी करायची, निकाल काढायचा, आणि ठरलेल्या, ‘उघडायच्या’ दिवशी सगळ्यांसमोर त्या एकानं आपल्या खोट्या टकरा काढून घ्यायच्या. उरेल ते खरं. या खोट्या टकरांना गटात मीठ म्हणत. कुणी कितीही खोदून विचारलं तरी मीठ घालणाऱ्यानं हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. ‘त्या दिवशी कळेल,’ एवढंच.

गेली काही वर्षं हे काम एका बाईकडे होतं. पन्नाशीला टेकलेली, एकटी राहणारी, टकरांच्या नकला करण्यात उभा जन्म गेलेला. गटात तिचं नावच पडलं होतं मीठवाली. सरांची ती विद्यार्थिनी. आतापर्यंत तिनं घातलेलं मीठ सरांनी दर वेळी ओळखलं होतं. जाड काचांमधून पडद्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “अगं, हे फार स्वच्छ आहे. खऱ्या टकरा अशा न्हाऊनमाखून येत नाहीत. आपलं यंत्र आजारी माणूस आहे. त्याचे आजार आधी शीक.” सगळे हसायचे. ती पण हसायची, पण घरी जाऊन जेवण जायचं नाही तिला.

मग तिनं खरंच आजार शिकले. डिटेक्टरमधल्या खुणा टिपणाऱ्या, पण किरणांनी भाजून मेलेल्या पट्ट्या, टक्कर नसतानाही उगाच बडबडणाऱ्या पट्ट्या, थंडी कमी पडली की भलतंच सांगणारे कोपरे. पूर्वी अशी नक्कल करायला संगणकाला युगं लागायची. आता संगणकालाच शिकवायची सोय झाली होती: वर्षानुवर्षांच्या खऱ्या नोंदी त्याला खायला घालायच्या आणि तो पापणी लवायच्या आत त्याच चालीची, त्याच दुखण्यांची नवी टक्कर बनवून देतो. त्यातनं तिनं या खेपेचं मीठ तयार केलं. तयार झालं तेव्हा तिचं तिलाच ओळखू येईना. मनातल्या मनात म्हणाली, आता ओळखा, सर.

पण सर तेव्हा कामावर नव्हतेच. पोटातलं दुखणं पसरलं होतं, औषधांनी अंगाचं चिपाड झालं होतं. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, औषध चालू ठेवलं तर थोडे दिवस जास्त मिळतील, पण ते दिवस पलंगावर, ओकाऱ्या काढण्यात जातील. बंद केलं तर महिना, फार तर दीड. पण ताठ बसून, दोन घास खाऊन, बोलत-चालत. सरांनी बंद करायचं ठरवलं. त्यांची एकुलती एक लेक दोन तासांवरच्या गावात रोपवाटिका चालवायची. तिला त्यांनी शब्द दिला, हे उरलेले दिवस तुझे. आयुष्यात पहिल्यांदा ते लेकीच्या घरी एका रात्रीहून जास्त राहणार होते. तिनं कामाला दोन माणसं जास्त ठेवली, स्वतः मोकळी झाली, खालची खोली रंगवून घेतली.

आणि नेमका तेव्हाच छाननीच्या आलेखावर उंचवटा दिसला, तो कण असता तर दिसला असता तसा.

गटातली छाननी बघायचा तो चष्मिष. हुशार, पण पोटात काही राहायचं नाही त्याच्या. आपण काय बघतोय हे कळल्यावर तो जिना चढून धापा टाकत मीठवालीच्या खोलीत आला. “बाई, साडेचार! पाचाला टेकतंय!” या धंद्यात तो एक आकडा असतो, योगायोगानं असं दिसायची शक्यता किती कमी, ते सांगणारा. पाच आलं की शोध लागला म्हणायचं. “काही बोलू नका, मला माहितीये तुम्ही बोलणार नाही. पण मीठ असतं तर आम्ही ओळखलं असतं हो. हे फार घाण आहे, खरं आहे हे!”

“त्या दिवशी कळेल,” ती म्हणाली. तिला आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोला. आपली कारागिरी फसली नाही याचा आनंद कुणाला होत नाही?

चष्मिष तिथून सरळ हॉस्पिटलात गेला. आलेखाची आणि त्या टकरांच्या चित्रांची प्रत घेऊन.

दुसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला, भेटून जा. ती गेली तेव्हा ते उशीला टेकून बसले होते आणि मांडीवर तो आलेख. बॅग भरून दाराशी ठेवलेली. लेक गाडीची व्यवस्था बघायला खाली गेली होती.

“दार लोटून घे,” सर म्हणाले. “मी काल उंचवट्यातल्या सगळ्या टकरा एकेक करून बघितल्या. स्वच्छ नाहीत गं त्या. तुझं मीठ मी कुठेही ओळखतो.”

ती मांडीवरच्या आलेखाकडे बघत राहिली.

“नियम माझाच आहे, मला शिकवू नकोस. पण मी उघडायच्या दिवसापर्यंत काही टिकत नाही. तिथे बसणाऱ्यांना कळायचं तेव्हा कळेल. मला एकट्याला सांग. मीठ आहे का?”

आता तिथं ‘त्या दिवशी कळेल’ म्हणायचं होतं. एवढे तीन शब्द. पण त्या माणसाला तो दिवस नव्हता, आणि तोंडावर ते म्हणणं तिच्या जिवावर आलं. ‘हो’ म्हणावं तर त्याच्या मांडीवरचा कागद हिसकावून घेतल्यासारखं. तिनं हिशेब केला: हे जातील, उघडायचा दिवस नंतर येईल, यांना कधी कळणार नाही. जाताना सुखानं जातील. कुणाचं काय बिघडतं?

“मीठ नाही, सर,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी एकदाही खोटं बोलली नव्हती. त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या बंद पापण्यांतून पाणी आलं. तिलाही रडू आलं. आपण फार मोठं पुण्य केलं असं तिला वाटलं, काय सांगावं.

मग सरांनी डोळे उघडले आणि घंटी दाबली. नर्स आली. “डॉक्टरांना बोलवा,” ते म्हणाले. “मला ते औषध परत सुरू करायचंय. उघडायच्या दिवसापर्यंत मला कसंही करून जगवा.”

ती डोळे पुसायची थांबली. “सर, पण तुम्ही तर जाणार होता—”

“लेक समजून घेईल. आतापर्यंत घेतलंच की.”

हे तिच्या हिशेबात नव्हतंच. टकरीतून काय काय उडेल याच्या शंभर शक्यता मांडणारी बाई. माणूस आनंदानं जगायला उठेल, ही एक तिनं मांडली नव्हती. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. ती म्हणाली, “बरं, येते,” आणि जिन्यानं खाली आली. जिन्यात लेक भेटली, हातात गाडीची किल्ली, तोंडभर हसून म्हणाली, “निघतोय आम्ही ताई, निरोप घेतलात ना?” ती मान हलवून सटकली.

आठवड्याभरानं लेकीचा फोन आला.

“ताई, मी कधी तुम्हाला काही मागितलं नाही,” लेक म्हणाली. आवाज खरखरीत झाला होता. “बाबांच्या अंगाची नुसती आग होतेय. पाणी पोटात ठरत नाही. जीभ सोललीय सगळी. आणि वर म्हणतात, मला त्या दिवशी तिथे बसायचंय. मी लहान होते तेव्हा त्या बोगद्यानं नेलं त्यांना, आता मरतानाही सोडत नाही का हो? तुमचं ऐकतात ते. तुम्ही सांगा. म्हणावं, ते जे काय आहे ते कुठे पळून जात नाही. माझ्याकडे या म्हणावं.”

“बघते मी,” मीठवाली म्हणाली.

“बघते नको. ते खरं आहे ना, ते त्यांना दिसलंय ते?”

“त्या दिवशी कळेल.” या खेपेला मात्र नियम बरोबर आठवला तिला.

तिनं काहीच केलं नाही असं नाही. बैठकीत हट्ट धरला, उघडायचा दिवस अलीकडे घ्या. सगळे तिच्याकडे बघायला लागले. चष्मिष म्हणाला, “अहो बाई, मोजमापं जुळवून व्हायचीयत अजून. सरच म्हणाले असते, घाई कसली.” कारण काय, असं विचारलं तेव्हा तिची जीभ रेटेना. कारण सांगायचं म्हणजे मीठ आहे हे सांगायचं, म्हणजे सगळ्यांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत मातीत घालायची. निदान ती स्वतःला असं समजावत होती. खरं कारण याहून साधं होतं: सरांच्या तोंडाकडे बघून ‘मी खोटं बोलले’ म्हणायची तिला भीती वाटत होती.

एकदा तेही करायला निघाली. अगदी निश्चय करून. खोलीत शिरली तर सर तसराळ्यात तोंड घालून ओकत होते आणि लेक त्यांचं कपाळ धरून उभी होती. ओकून झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं, तिला बघितलं आणि हसले. हाडांवर नुसती कातडी, पण डोळे असे लखलखत होते की बघवेना. “ये ये. मी विचार करत होतो, कण किती जड असेल याबद्दल. बस, सांगतो.” आणि तासभर सांगत राहिले. लेक कोपऱ्यात खुर्चीवर बसून वडिलांकडे बघत होती. हा माणूस तिच्याशी कधी तासभर बोलला नव्हता.

मीठवाली ऐकून घेऊन परत आली. आता ही आशा तोडू कशी, म्हणत.

डॉक्टर म्हणाले होते टिकणार नाहीत. सर टिकले. ठरल्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून, नाकात नळी, मांडीवर चादर, त्यांना सभागृहात आणलं तेव्हा सगळे उठून उभे राहिले. लेक खुर्ची ढकलत होती. तिनं त्यांना इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यात आणखी एक माणूस मावला असता.

पडद्यावर आलेख. सपाट पठार आणि मध्ये तो उंचवटा. चष्मिषनं आकडा वाचला: पाच आणि वर थोडं. कुणी टाळी वाजवली नाही, नियमच होता. सगळ्यांच्या माना मीठवालीकडे वळल्या. तिनं सरांकडे बघितलं. ते तिला मानेनं खुणावत होते, कर कर, घाबरतेस काय.

तिनं कळ दाबली.

उंचवटा बसला. नुसता सपाट पडदा. मागून कुणीतरी “च्यायला” म्हणालं, दोघं-तिघं हसले, चष्मिषनं डोक्याला हात लावला. मग, रीत होती म्हणून, मीठ इतकं बेमालूम होतं म्हणून, सगळ्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ. सरांनीही हात वर केले. एका हाताला सुई टोचलेली, आवाज झालाच नाही.

टाळ्या थांबल्यावर ती त्यांच्यापाशी गेली. तिथं वाकून बसली.

“उत्तम काम,” सर म्हणाले. “मला ओळखता आलं नाही.” थोडा दम खाल्ला. “पण अगं, मी विचारलं होतं तुला.”

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“काय विचारलं होतं?” लेकीनं मागून विचारलं. सरांनी डोळे मिटून घेतले. लेकीनं खुर्ची एका नर्सच्या हवाली केली आणि मीठवालीला दंडाला धरून बाहेर ओळीनं लावलेल्या सायकलींपाशी आणलं.

“तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?”

“हो.”

“बाबांनी विचारलं तेव्हा तुम्ही खरं आहे म्हणून सांगितलंत?”

“मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. ते तोवर राहणार नाहीत असं—”

“आणि मी फोन केला तेव्हा?”

लेक रडली नाही, हात उगारला नाही. म्हणाली, “बॅग भरलेली होती हो. गाडी दारात होती.” आणि आत निघून गेली.

सरांनी औषध त्याच दिवशी बंद केलं. पण आता अंगात काही उरलंच नव्हतं. दोन तासांचा प्रवास झेपणार नाही, डॉक्टरांनी साफ सांगितलं. मग ताप चढला आणि डोक्यात गेला. मीठवाली रोज कामावर यायची, हॉस्पिटलच्या बाजूच्या खिडकीकडे पाठ करून बसायची. हॉस्पिटलात जायचं तिचं धाडस नव्हतं. पुढच्या फेरीचं मीठ दुसऱ्या कुणाकडे द्या, असं तिनं गटाला कळवलं. चष्मिषला वाटलं, ती मोठेपणा दाखवतेय.

एका दुपारी लेकीचा फोन आला. “या,” एवढंच म्हणाली.

खोलीत पडदे ओढलेले. सर पलंगात दिसतच नव्हते, इतके थोडे उरलेले.

“कुणाला ओळखत नाहीत,” लेक म्हणाली. तिच्याकडे न बघता. “मला नर्स समजतात. सकाळपासून तुम्हालाच हाका मारतायत.”

सरांनी मान वळवली. “आलीस? उघडलं का गं?”

मीठवालीनं लेकीकडे बघितलं. तो दिवसच त्यांच्या डोक्यातून पुसला गेला होता.

“सांगा,” लेक म्हणाली.

“काय सांगू?”

“तुम्हाला चांगलं येतं ते.” मग आवाज खाली आणून, “सांगा हो. मी सांगितलं तर त्यांना पटायचं नाही. मी नर्स आहे.”

मीठवाली पलंगाच्या कडेला टेकली. “उघडलं, सर.”

“मग?”

“आहे. सगळं काढल्यावरही आहे.”

“किती?”

“पाचाच्या वर.”

सरांनी मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या सैल पडल्या. “झालं तर मग,” ते म्हणाले. “सुटलो. आता मला लेकीकडे पोचव. पोरगी केव्हाची खोळंबलीय, खोली रंगवलीय तिनं. सिस्टर, जरा उशी वर घेता? बसून बोलतो तिच्याशी.”

लेकीनं पुढे होऊन त्यांना खांद्याला धरून वर घेतलं, उशी सारखी केली. ते तिला “थँक यू सिस्टर” म्हणाले.

“लाव की फोन,” सर मीठवालीवर खेकसले, अगदी पूर्वीसारखे.

तिनं लेकीचा नंबर लावला. खोलीतच घंटी वाजली, लेकीच्या खिशात. लेकीनं फोन बाहेर काढला, त्यावरच्या नावाकडे बघत राहिली, मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि उचलला. मीठवालीनं आपला फोन सरांच्या कानाला लावला.

“मी बोलतोय,” सर म्हणाले. “काम झालं माझं. उद्या निघतो.”

“हो बाबा.”

“रागावलीस? उशीर केला मी.”

“नाही बाबा.”

“स्टेशनवर ये घ्यायला. मला तुझं घर नीट आठवत नाही.”

लेकीनं कपाळ भिंतीला टेकलं. “तुम्ही निघा, बाबा,” ती म्हणाली. “मी येऊन थांबते.”